ई-क्लासच्या माळावरचे स्मृतिवन : गवताला पैकीच्या पैकी, पाट्यांना काठावर पास

वाशीम जिल्ह्यातील आमच्या गावापासून बारा किलोमीटरवर, एका लहानशा ग्रामपंचायतीने आपल्या ई-क्लास, म्हणजे गुरचरणाच्या सरकारी जमिनीवर स्मृतिवन तयार केले आहे. घरातील माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवसाची मूठभर राख खड्ड्यात टाकून नातेवाइकांनी एक झाड लावायचे, एकदाच हजार रुपये भरायचे आणि ग्रामपंचायतीने ते झाड पाच वर्षे जगवायचे, अशी तिथली पद्धत आहे. माझ्या वडिलांच्या नावाने आम्ही लावलेल्या कवठाला यंदा तीन पावसाळे झाले. या काळात ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरमध्ये आणि भर उन्हाळ्यातही मी तिथे जाऊन आलो असल्याने, एका फेरीत बनलेले मत येथे मांडत नाही, एवढे आधीच सांगतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता बरीच आहे. हिरवळ नाही, कारंजे नाही, रंगवलेले दगड नाहीत. झाडे आहेत ती नाल्याच्या काठाने आणि कुंपणालगत, आणि मधला सगळा भाग कमरेएवढ्या गवताचा. माझ्या मेहुण्याने फाटकातूनच विचारले होते की पैसे घेतात तर निदान निंदण तरी का करत नाहीत. त्याचा दोष नाही, कारण माळाला पडीक म्हणायला आपल्याला सरकारी दफ्तरानेही शिकवले आहे. प्रत्यक्षात हा माळ पडीक नसून आपल्या भागाचे मूळ रूप आहे. ज्यांनी कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य पाहिले असेल, त्यांना इथले गवत लगेच ओळखीचे वाटेल.

हे गवत राखण्याचा निर्णय ज्याने कोणी घेतला, त्याला माझे पूर्ण गुण आहेत. सध्या जिकडेतिकडे मियावाकी पद्धतीने एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे कोंबण्याची हौस आली आहे. मुरमाड माळावर तसे केले असते तर गवत गेले असते आणि त्याबरोबर चंडोल, तित्तिर आणि जमिनीवर उघड्यावर अंडी घालणारी टिटवीही गेली असती. अकोला-वाशीम पट्ट्यातील तणमोर या दुर्मिळ पक्ष्याला पावसाळ्यात असेच मोकळे गवत लागते, कारण नराला मादीचे लक्ष वेधण्यासाठी गवताच्या वर उड्या माराव्या लागतात. इथे तणमोर दिसतो असे मी म्हणत नाही. एवढ्याशा तुकड्यात तो उतरेल अशी आशाही नाही.

ऑगस्टमध्ये गवताच्या बुडाशी विष्णुक्रांतेची निळी टिकली शोधावी लागते, कुर्डू मात्र न शोधता दिसतो. नोव्हेंबरमध्ये पवन्या आणि मारवेल ही गवते वाळून तांबूस-पिवळी होतात आणि कुसळी हे टोचऱ्या बियांचे गवत पिकते. रखवालदाराने माझ्या तळहातावर कुसळीचे एक बी ठेवले आणि त्यावर बाटलीतले दोन थेंब पाणी सोडले. शेपटीसारखे लांब, पिळ पडलेले कुसळ हळूहळू उलगडत स्वतःभोवती फिरू लागले आणि बियाचे टोक कातडीला टोचू लागले. ओल मिळाली की बी असेच मातीत शिरते, हे पन्नास वर्षे शेतीत काढूनही मी कधी थांबून पाहिले नव्हते; धोतराला चिकटलेली कुसळे उपटून फेकण्यापलीकडे आमचा तिच्याशी संबंध नव्हता. बी झडून गेल्यावरच डिसेंबरात गवत कापले जाते, ते गावातील गुरांना जाते आणि उन्हाळा लागण्याआधी वणवा आत येऊ नये म्हणून कुंपणाच्या आतून गवत जाळून मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा काढली जाते. हा क्रम तिथे पाळला जातो, याची खात्री मी स्वतः केली आहे.

झाडांची निवडही विचारपूर्वक आहे. पळस, मोह, धावडा, सालई, बेहडा, टेंभुर्णी, बेल, कवठ, हिवर आणि नाल्याला लागून अर्जुन. रोपे गुडघ्याएवढीच देतात, त्यामुळे कुटुंबांची कुरकुर होते, पण लहान रोप इथल्या उन्हात अधिक चांगले तग धरते. मोहाला फूल यायला निदान आठ-दहा वर्षे लागणार, हे मात्र पैसे घेतानाच सांगायला हवे.

माझी पहिली तक्रार इथूनच सुरू होते. देशी म्हणजे देशी, हा नियम तिथे इतका कडक आहे की गुलमोहर मादागास्करचा म्हणून नाही आणि सीताफळ अमेरिका खंडातले म्हणून नाही, इथपर्यंत मी सोबत आहे. पण आमच्या शेजारच्या काकूंनी चिंच मागितली, कारण काकांची दुपारची भाकर चाळीस वर्षे शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या चिंचेखालीच झाली होती. चिंच मूळची आफ्रिकेची, असे सांगून त्यांना हिवर देण्यात आला. "हिवराच्या काट्यात कोन बसते, बाप्पा?" एवढेच त्या म्हणाल्या. शास्त्र ग्रामपंचायतीच्या बाजूने आहे, तरी शतकानुशतके धुऱ्यावर उभ्या असलेल्या झाडासाठी कुंपणाबाहेर चार खड्डे काढायला हरकत नव्हती. ही जागा जमिनीची आठवण नीट ठेवते, माणसांची तेवढी नाही, असे माझे मत त्या दिवशी झाले.

पाट्यांनी ते पक्के केले. नावे फ्लेक्सवर छापून लोखंडी सळईला बांधली आहेत आणि एका उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा, अक्षरे उडून जातात. आमच्या पाटीवर वडिलांच्या नावातला एक काना सुरुवातीपासूनच नव्हता. दोनदा लेखी अर्ज दिला, दोनदा नवी पाटी लागली आणि दोन्ही वेळा काना नव्हताच. दगडावर कोरून द्या, जास्तीचे पैसे घ्या, असे मी सुचवले आहे. त्यावर अजून उत्तर नाही.

जायचे असल्यास ऑगस्टचा शेवट किंवा नोव्हेंबर निवडावा आणि सकाळी आठच्या आत पोहोचावे. नोव्हेंबरात पायमोजे घालू नयेत, कुसळे चिकटतात. डांबरी रस्ता शेवटच्या दीड किलोमीटरवर संपतो, पावसात चारचाकी तिथेच ठेवावी लागते. पाणी घरून न्यावे. झाडे अजून सावली देण्याएवढी झालेली नाहीत आणि बसायला बाक नाहीत, त्यामुळे वृद्ध माणसांचे हाल होतात. काकूंना नेले तेव्हा रखवालदाराने स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची आणून हिवराजवळ ठेवली, पण ती एकच आहे.