आईच्या फोटोचा दिवा आणि माझे 1,35,000 रुपये

सत्तावीस वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत लेथवर, म्हणजे तुकडा फिरवत कापायच्या मशीनवर, काढली. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, हातात घेतला की तो किती आउट, म्हणजे मध्यापासून किती हटून, फिरतोय ते डायल (मोजायचं घड्याळ) लावायच्या आधी सांगायचो, आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं. तरी एका तिशीतल्या पोराने मला चार इंची पाइपावर फसवलं. त्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण हीच स्कीम दुसऱ्या नावाने फिरते आहे असं कानावर आलं, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

वस्तू काय ती आधी सांगतो. पांढऱ्या पीव्हीसी पाइपावर फोटो कोरायचा आणि आत बल्ब लावायचा. बल्ब बंद असताना पाइपावर नुसते खड्डे-उंचवटे दिसतात, चेहरा धड ओळखू येत नाही. बल्ब लावला की फोटो उजळतो. जिथे पाइप पातळ झाला तिथून प्रकाश जास्त येतो, जिथे जाड राहिला तिथे काळोख. याला लिथोफेन म्हणतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात चिनी मातीच्या पातळ पत्र्यांवर हे करायचे, आता राउटर मशीनवर करतात. पाइप चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, धरायचा, मोटर तो कणाकणाने फिरवते, आणि वरून बारीक, गोल टोकाचं कोरायचं बिट (बॉलनोज) कमीजास्त खोल जात राहतं. या फिरवणाऱ्या जोडणीला रोटरी म्हणतात. टर्नरला, म्हणजे लेथवाल्याला, यात नवीन काय? आमचंच काम, फक्त टूल फिरतं आणि जॉब दबकत दबकत वळतो.

2024 च्या दसऱ्याआधी मोबाइलवर जाहिरात दिसली. घरबसल्या फोटो-लॅम्प बनवा, मशीन आमचं, ट्रेनिंग आमचं, तयार माल आम्हीच 750 रुपयांना उचलू. कंपनीने मला आधीच घरी बसवलं होतं. कॉलेज रोडच्या एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, एसी, काचेचं दार. पोरगा मला पहिल्या मिनिटापासून काका म्हणायला लागला. "काका, बाकीच्यांना मला शिकवावं लागतं, तुम्ही तर मला शिकवाल." एवढं एक वाक्य पुरलं. आता कळतं की सुतारकाम करणाऱ्याला तो हेच सुतारकामाबद्दल म्हणाला असणार.

मग त्याने आईचा फोटो मागितला. मोबाइलमध्ये होता, नऊवारीतला, पंचवटीत गोदाकाठी काढलेला. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तीन दिवसांनी बोलावलं, टेबलावर दिवा ठेवला, खोलीतला लाइट घालवला आणि बटण दाबलं. आई बसलेली होती. कपाळावरच्या सुरकुत्यासुद्धा. माझ्याबरोबर आलेली बायको रडायला लागली. "हा आपल्या मशीनवरच काढलाय, काका. ठेवा, गिफ्ट." त्या क्षणी मी मशीन तपासायला आलोय हे पार विसरलो. मशीन कोपऱ्यात होतं आणि चालूही होतं. पाइप फिरत होता, बिट वरखाली होत होतं, पांढरा भुसा उडत होता. दहा मिनिटं पाहिलं, पोराने चहा मागवला आणि आम्ही बाहेरच्या खोलीत आलो.

25,000 रुपये तिथेच मोबाइलवरून दिले. 1,10,000 बँकेतून पाठवले ते कंपनीच्या नाही, एका माणसाच्या सेव्हिंग खात्यावर. मिळालेला कागद पक्कं बिल नव्हता, कोटेशन होतं. त्यावरचा जीएसटी नंबर 24 ने सुरू होत होता. महाराष्ट्राचे नंबर 27 ने सुरू होतात, 24 म्हणजे गुजरात. ऑफिस नाशिकचं आणि नंबर गुजरातचा. जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला असता तर नोंदणी रद्द झालेली दिसली असती, दोन मिनिटांचं काम. मी ते चार महिन्यांनी केलं.

मशीन आलं. उघडल्यावर पहिला खटका चकपाशी बसला. सांगितलं होतं 6 ला 1 चं रिडक्शन, बेल्ट आणि पुलीचं, म्हणजे मोटरचे सहा फेरे झाले की चकचा एक. निघाली थेट मोटरच्या शाफ्टवर बसवलेली चक. याने काय बिघडतं ते हिशेबाने सांगतो, कारण इथेच विकणाऱ्याचं खोटं उघडं पडतं. स्टेपर मोटर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर, एका फेऱ्यात 200 पावलं टाकते, तिला चालवणाऱ्या सर्किटने (ड्रायव्हरने) प्रत्येक पावलाचे आठ तुकडे केले तर 1600. चार इंची शेड्यूल 40 (भिंतीच्या जाडीचा दर्जा) पाइपाचा बाहेरचा व्यास 114.3 मिलीमीटर, म्हणजे घेर साधारण 359. भागाकार करा, एक पाऊल सव्वादोन दशांश मिलीमीटरचं पडतं. आईच्या पापणीची रेघ त्यात मावत नाही. रिडक्शन असतं तर तेच पाऊल चार शतांशाच्या आत आलं असतं. शिवाय थेट चकला जोर नाही. बिटाने जरा दाबलं की पाइप मागे सरकायचा आणि चेहऱ्यावर तिरपा ओरखडा.

दुसरं, टेलस्टॉक, म्हणजे पाइपाचं दुसरं टोक धरणारा आधार. प्लास्टिकचा कोन, स्प्रिंगवर. पाइप मुळात पूर्ण गोल नसतो, थोडा अंडाकृती असतोच, त्यात ही पकड. मी डायल लावली, 1.2 मिलीमीटर आउट. पाइपाची भिंत 6 मिलीमीटरची. पांढऱ्या पाइपात प्रकाश अडवणारं रंगद्रव्य असतं, त्यामुळे उजळ भागात जेमतेम पाऊण-एक मिलीमीटर ठेवावा लागतो. 1.2 ने नाचणाऱ्या पाइपावर पाऊण मिलीमीटर कसा ठेवणार? एका बाजूला आरपार भोक, दुसऱ्या बाजूला अंधार. जाणकार माणूस आधी सपाट बिटाने पाइप चढवलेल्या जागीच गोल करून घेतो, मग फोटो कोरतो. पोराच्या ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं. मी माझ्या अकलेने केलं, तेव्हा कुठे तिसऱ्या पाइपावर माणूस आहे एवढं कळायला लागलं.

तिसरं, वेळ. तो म्हणाला होता एक लॅम्प 40 मिनिटांत. पूर्ण घेर, 150 मिलीमीटर उंची, दोन ओळींत पाव मिलीमीटर अंतर. म्हणजे 1436 ओळी, बिटाचा प्रवास 215 मीटर. मिनिटाला एक मीटर वेग धरला तरी साडेतीन तासांच्या वर. वेग वाढवला की पीव्हीसी वितळून बिटाला चिकटतं आणि बिट कोरायच्या ऐवजी घासायला लागतं. हा गुणाकार मला ऑफिसात चहा पिता पिता करता आला असता. दिवसाला दहा लॅम्प, 7,500 रुपये, हे गणित मात्र मी रिक्षात बसल्या बसल्या केलं होतं.

डिसेंबरपर्यंत नऊ लॅम्प नेऊन दिले. नऊही परत. "फिनिशिंग नाही, काका." मी म्हटलं, अरे, तुझ्याच मशीनवर आईचा कसा निघाला? तर म्हणे सवयीने येतं. मग सुचवलं की बिट सोडा, लेझर हेड फुकट देतो, पाइपाला काळा स्प्रे मारा आणि लेझर चालवा, काम झटपट होईल.

हे मात्र नीट वाचा, पैशापेक्षा मोठं आहे. मी लेझर चालवलं. दोन मिनिटांत खोलीत असा उग्र, झोंबणारा वास सुटला की घसा आवळला, डोळ्यांतून पाणी. बायकोने धावत येऊन प्लग काढला. शुद्ध पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि हवेतल्या ओलाव्याशी त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. दोन दिवसांनी पाहतो तर मशीनच्या चकचकीत गाइड रॉडवर तांबूस गंज. माझ्या छातीत काय झालं असेल ते बघायला आत डायल लावता येत नाही. पंधरा दिवस खोकलो. पीव्हीसीवर लेझर कधीच लावायचं नसतं, हे या धंद्यातलं पहिलीचं पुस्तक. विकणाऱ्याला एवढंही माहीत नसेल तर तो विकतोय काय, ही शंका मला तिथे पहिल्यांदा आली.

शेजारी केमिस्ट्रीचे निवृत्त सर राहतात. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आईचा दिवा आणा, तुमच्या पाइपाचा तुकडाही आणा. गच्चीवर उघड्या हवेत त्यांनी तांब्याची तार गॅसच्या बर्नरवर लाल केली, पाइपाला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार. "हे क्लोरीन." तार घासून साफ केली, पुन्हा तापवली, दिव्याच्या तळाला आतून टेकवली. ज्योत होती तशीच.

दिवा पीव्हीसीचा नव्हताच. सरांनी भिंग दिलं. अंगावर आडव्या, केसासारख्या, एकसारख्या रेघा, थरावर थर. एका बाजूला वरपासून खालपर्यंत शिवण. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला, बहुधा पीएलए प्लास्टिकचा. पाइपातून कोरलेला असता तर आतली बाजू पाइपाची गुळगुळीत असती. मी तो दिवा रोज पुसत होतो आणि एकदाही आत बोट घातलं नव्हतं. आमच्या कारखान्यात नवीन पोरांना मी पहिलं हेच सांगायचो, जॉब आतून बघ.

जानेवारीत ऑफिसला कुलूप. खाली पानवाला म्हणाला, मामा, तुम्ही सातवे.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथे लगेच फोन केला तर पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, माझे कधीच पुढे गेले होते. पोलिसांत लेखी तक्रार दिली. वकिलांनी ग्राहक आयोगातही दाद मागायला सांगितलं. माझी भीती होती की मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणून मी ग्राहक ठरणार नाही. पण कायद्यात सोय आहे, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षांची. चॅट, कोटेशन, बँकेचं स्टेटमेंट, नऊ नाकारलेले लॅम्प, सगळं जपून ठेवलंय. तुमचं असं काही झालं असेल तर लाजेने चॅट पुसू नका. मी अर्धी पुसली होती, भाच्याने बॅकअपमधून काढून दिली. "मामा, तुम्ही पण ना," एवढंच म्हणाला.

आणि कुणाला खरंच हे मशीन घ्यायचं असेल तर जरूर घ्या, काम सुंदर आहे. फक्त पाइप तुमचा न्या, दुकानातून स्वतः विकत घेतलेला. त्यावर पेनने सही करा. फोटो तिथल्या तिथे द्या आणि साडेतीन तास डबा घेऊन मशीनपाशी बसा. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे.

माझं मशीन मागच्या खोलीत चादरीखाली आहे. चकला बेल्ट-पुली लावायची आणि टेलस्टॉक लोखंडाचा करायचा, सातपूरला मित्राच्या लेथवर दोन दिवसांचं काम. मनात ड्रॉइंगसुद्धा तयार आहे. पण वकील म्हणाले, निकालापर्यंत एक स्क्रूही हलवायचा नाही, तो पुरावा आहे.