डिजिटल ट्विन, नुसती देखरेख की सिम्युलेशन?

डिजिटल ट्विन म्हणजे ढोबळमानाने मशीनच्या चालू डेटाला जोडलेलं त्याचं संगणकातलं मॉडेल. डेमोत पडद्यावर गरगर फिरणारा थ्रीडी पंप छान दिसतो, पण ते घ्यायचा निर्णय त्यावरून करू नका. तुमच्या प्लांटला नेमका कोणता प्रश्न छळतोय, ते आधी ठरवा.

बेअरिंग जाणार आहे का, मोटर का तापतेय, एवढंच वेळेवर कळायला हवं असेल तर कंडिशन मॉनिटरिंग पुरतं. कंपन, तापमान आणि करंटचे सेन्सर लावायचे, मर्यादा ओलांडली की अलार्म. कंपन किती चालेल हे ठरवायला आयएसओ २०८१६ ही मानकं आहेतच. मेंटेनन्सच्या माणसांनाही हे लगेच उमगतं.

‘असं केलं तर काय होईल?’ हा प्रश्न मात्र अलार्मला विचारता येत नाही. समजा, पंपाचा वेग २० टक्क्यांनी उतरवायचा आहे. ठोकताळ्याने प्रवाह ८० टक्के उरतो आणि वीज जवळपास निम्मी लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पण पाणी बऱ्याच उंचीवर चढवायचं असेल तर हे गणित कोलमडतं. कदाचित ते वर पोचणारच नाही. खरा आकडा हवा तर पाइप, व्हॉल्व्ह, टाकीची पातळी सगळं मॉडेलमध्ये लागतं. हा निर्णय एकदाच घ्यायचा असेल तर ऑफलाइन सिम्युलेशन करा, म्हणजे चालू डेटाला न जोडता मॉडेल एकदा चालवून पाहा, आणि मोकळे व्हा. रोज, दर शिफ्टला घ्यायचा असेल तरच चालू डेटाला जोडलेल्या ट्विनचा खर्च वसूल होतो.

अभ्यासक आणखी एक भेद करतात. डेटा मशीनकडून मॉडेलकडे आपोआप येतो, पण उलट जात नाही, ती डिजिटल शॅडो. दोन्हीकडून आपोआप वाहतो, ते ट्विन. ट्विन म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं शॅडोच असतं. माझ्या मते त्यात वाईट काही नाही: मॉडेलने सुचवावं, सेटपॉइंट (मशीनला ठरवून दिलेलं मूल्य) ऑपरेटरने बदलावा.

खरी मेख मॉडेलच्या देखभालीत आहे. इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) घासला, व्हॉल्व्ह बदलला, हीट एक्स्चेंजरमध्ये थर साचला आणि मॉडेल जुनंच राहिलं, तर ट्विन ठामपणे चुकीचं उत्तर देतं. म्हणून कोटेशन मागताना दोन गोष्टी लिहून घ्या: कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष मशीनशी पुन्हा जुळवणं, कोण, किती दिवसांनी करणार; आणि उद्या विक्रेता बदलला तर मॉडेल एफएमआयसारख्या खुल्या मानकात (जे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं) बाहेर नेता येईल का.

तरीही ट्विनच हवं असेल, तर ज्याचं बंद पडणं सगळ्यात महागात पडतं असं एकच मशीन निवडा. ऑर्डर देण्याआधी मागच्या डेटावर मॉडेल चालवायला लावा आणि जुने बिघाड त्याला आधी ओळखता आले असते का, ते पाहा.