कर्करोग संशोधनाचं प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थी १५ वर्षांनी कुठे असतात? माग काढायच्या तीन पद्धती

कर्करोगाच्या प्रयोगशाळेत आठ-दहा आठवडे काढलेल्या विद्यार्थ्याला शेवटच्या दिवशी विचारा, "पुढे संशोधनच करणार ना?" बहुतेक जण मनापासून "हो" म्हणतात. पण त्या उत्तरावर अहवाल उभा करू नये. पुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं असतात, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं प्रशिक्षण. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं 'आर०१' हे स्वतंत्र संशोधनाचं अनुदान पहिल्यांदा हाती येतं तेव्हा पीएचडीवाल्यांनी सरासरीने चाळिशी ओलांडलेली असते. एनआयएच आपल्या टी३२ प्रशिक्षण अनुदानांच्या तक्त्यांत विद्यार्थ्यांची १५ वर्षांपर्यंतची वाटचाल मागते, ती यामुळेच.

तुम्ही असा कार्यक्रम चालवत असाल आणि दीर्घकालीन परिणाम कसे मोजायचे हे ठरवत असाल, तर तीन पर्याय आहेत: माजी विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठवणं, सार्वजनिक नोंदींतून त्यांना शोधणं, किंवा कार्यक्रमात न आलेल्या तशाच विद्यार्थ्यांशी त्यांची तुलना करणं.

प्रश्नावली की नोंदी?

नोंदींचा मोठा फायदा म्हणजे कोणी उत्तर देण्याची वाट बघावी लागत नाही. पबमेडवर शोधनिबंध दिसतात, एनआयएच रिपोर्टरवर अनुदानं, लिंक्डइनवर नोकऱ्या. पण नावांचा घोळ फार. एकाच नावाचे अनेक संशोधक असतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली यादीतून नाहीशा होतात. संस्थेवरून माणूस ओळखावा, तर २०१४ पूर्वीच्या पबमेड नोंदींत सहसा पहिल्याच लेखकाची संस्था दिलेली असते, आणि विद्यार्थ्याचं नाव क्वचितच पहिलं असतं. ऑर्किड, म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, याने हा प्रश्न बराच सुटतो, मात्र तो २०१२ पासून आला. त्याआधीच्या तुकड्यांना हातानेच शोधावं लागतं.

नोंदींचा दुसरा दोष मला जास्त सलतो. शोधनिबंध मोजले की कर्करोग विभागातली परिचारिका, क्लिनिकल ट्रायलची समन्वयक, कर्करोग नोंदणीत काम करणारा मुलगा, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी शिक्षिका हे सगळे 'गळालेले' ठरतात. कर्करोगाशी लढायला ही माणसंही लागतात. त्यांना अपयशाच्या रकान्यात टाकणारा अहवाल चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही माणसं प्रश्नावलीतच सापडतात. तिथे विद्यार्थी सांगतो की मार्गदर्शकाने नंतर शिफारसपत्र दिलं का, कोणत्या वळणावर संशोधन सोडलं आणि का. अडचण अशी की ज्यांचं चांगलं चाललंय ते आनंदाने उत्तर देतात आणि बाकीचे गप्प राहतात. मग निष्कर्ष आहेत त्यापेक्षा गोजिरे दिसू लागतात. शिवाय पत्ता हवा! मी एका कार्यक्रमाच्या मूल्यमापनात काम केलं, तेव्हा पहिल्या तुकड्यांचे फक्त कॉलेजचे ईमेल जपलेले होते. पदवी झाली आणि ते पत्ते बंद पडले. एकेका विद्यार्थ्याला जुन्या मार्गदर्शकांमार्फत शोधण्यात महिने गेले.

तुलना कोणाशी?

समजा, तुमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी निम्मे पीएचडीला गेले. हे कार्यक्रमाचं यश म्हणायचं का? तुम्ही अर्जांतून मुळातच हुशार आणि संशोधनाची ओढ असलेली मुलं निवडली होती. ती कदाचित तशीही गेली असती. वरच्या दोन्ही पद्धती कितीही नेटाने राबवल्या तरी या शंकेचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी तुलनेचा गटच हवा.

तो कसा उभा करायचा याचं चांगलं उदाहरण कर्करोगाबाहेरचं आहे. मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत १९८८ साली सुरू झालेल्या मायरहॉफ या विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्ती कार्यक्रमाने आपल्या विद्यार्थ्यांची तुलना निवड होऊनही दुसरीकडे गेलेल्यांशी केली. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या पीएचडीला जाण्याची शक्यता मायरहॉफच्या मुलांत सुमारे पाचपट निघाली. गुणवत्ता दोन्हीकडे सारखी असल्याने हा फरक बोलका आहे, तरी दुसरीकडे जाणाऱ्यांचा कल आधीच वेगळा असू शकतो हेही लक्षात ठेवावं.

दुसरी रीत निवडीच्या सीमारेषेवरच्या अर्जदारांची: थोडक्यात निवडले गेलेले आणि थोडक्यात हुकलेले. जेकब आणि लेफ्ग्रेन यांनी एनआयएचच्या पोस्टडॉक अनुदानांचा असा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. अनुदानामुळे पुढच्या ५ वर्षांत साधारण एक शोधनिबंध जास्त, म्हणजे जवळपास २० टक्के वाढ, असं त्यांना आढळलं. या पद्धतीला शेकड्यांनी अर्ज आणि प्रत्येकाला दिलेले गुण लागतात. वर्षाला दहा-बारा विद्यार्थी घेणाऱ्या कार्यक्रमाने हिच्या नादी लागू नये. त्याने अनेक वर्षांच्या तुकड्या एकत्र कराव्यात आणि गुण, आधीचा प्रयोगशाळेचा अनुभव व अर्जाच्या वेळचा पीएचडीचा इरादा जुळवून निवडलेल्या आणि न निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावाव्यात.

मग निवडायचं काय?

कार्यक्रम जुना असेल आणि हाती फक्त नावांची यादी असेल, तर नोंदींपासून सुरुवात करा, जे सापडत नाहीत त्यांनाच प्रश्नावली पाठवा, आणि कितीजण सापडलेच नाहीत तो आकडा अहवालात ठळक लिहा. तुलनेचा दावा मात्र करू नका.

कार्यक्रम नवा असेल तर माझा कौल तुलनेच्या बाजूने आहे, पैसे कमी असले तरीही. प्रश्नावली पाच वर्षांनी लिहिता येईल, नोंदी दहा वर्षांनी शोधता येतील. न निवडलेल्यांचे अर्ज आज फेकून दिले तर ते परत मिळत नाहीत. पहिल्याच अर्जात चार गोष्टी मागा: कायमचा खासगी ईमेल, ऑर्किड क्रमांक, "पीएचडी करायचा विचार किती पक्का आहे?" हा प्रश्न, आणि निवड झाली नाही तरी पुढे संपर्क साधायला व माहिती जपायला संमती. संमतीचा मजकूर आधी नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्या, म्हणजे दहा वर्षांनी तीच माहिती वापरताना अडायला होणार नाही.