जादा पैसे पडद्याला की 'स्मार्ट'पणाला?

सारख्याच किमतीचे दोन टीव्ही समोर आहेत. एकाशी बोलता येतं, त्यावर गेम आहेत, कॅमेरा जोडता येतो. दुसऱ्याचं चित्र आणि आवाज सरस, पण अंगात कला बेताच्याच. दुकानदार पहिल्याचं गुणगान करणार. माझं मत दुसऱ्याला.

टीव्हीशी दुतर्फा व्यवहार करायची लोकांना हौस आहे, हा अंदाज जुनाच. १९७७ साली वॉर्नर केबल कंपनीने अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरात 'क्यूब' नावाचं दुतर्फा टीव्हीचं प्रकरण सुरू केलं. उत्तरं द्यायला पाच बटणं, घरबसल्या मतदान, प्रश्नमंजूषा. १९८४ पर्यंत त्याचा गाशा गुंडाळला गेला. त्यातून जगली ती मुलांची 'निकलोडियन' वाहिनी, म्हणजे नुसती बघायची गोष्ट. १९९४ मध्ये टाइम वॉर्नर कंपनीने अमेरिकेतल्याच ऑर्लँडोत पुन्हा घाट घातला: पडद्यावरून खरेदी, गेम, हवा तेव्हा सिनेमा. १९९७ मध्ये तेही आटोपलं. पुढे लोकांनी डोक्यावर घेतला तो 'हवा तेव्हा सिनेमा' तेवढा. नेटफ्लिक्सनेही प्रेक्षकाने कथेचं वळण निवडायचे कार्यक्रम आणले आणि २०२४-२५ मध्ये काढून टाकले. दिवसभर दमून आलेल्या माणसाला नायकाने काय करावं हेही आपणच ठरवायचं, म्हणजे जरा अतीच!

'कौन बनेगा करोडपती' घरबसल्या खेळणारे आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, पण ते खेळतात मोबाइलवर. बोटांचं काम फोनने कधीच उचललंय. टीव्ही चौघांत एक असतो. तिथे एकाने बटणं दाबायची म्हणजे उरलेल्या तिघांनी ताटकळायचं.

आता व्यवहाराचं. पडदा सहज सात-आठ वर्षं चालतो, आतलं सॉफ्टवेअर त्याआधी म्हातारं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवर नेटफ्लिक्स चालेनासं झालं. पडदे धडधाकट होते. नेटफ्लिक्ससारखं सगळं दाखवणारी, टीव्हीला बाहेरून लावायची छोटी स्टिकही जुनी होतेच, पण ती बदलायला टीव्ही बदलावा लागत नाही.

पहिल्या टीव्हीचा एक गुण मात्र खरा. माईकचं बटण दाबून बोललं की हवं ते लागतं. आमच्या आईला रिमोटवर एकेक अक्षर शोधत कीर्तन टाइप करणं जमत नाही, बोलणं जमतं. पण ही सोय बोलक्या रिमोटच्या स्टिकमध्येही मिळते, तिच्यासाठी टीव्हीवर जादा पैसे घालायची गरज नाही. अडचण एकच, रिमोट दोन होतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तेवढंही नको असेल तर बिनधास्त पहिला घ्या.

मोठ्या आकारात अगदी साधा टीव्ही आता शोधूनही मुश्किलीने सापडतो, म्हणून दुसऱ्यातही थोडं 'स्मार्ट' येणारच. ते आलं तर येऊ द्या. दुकानात मात्र डेमोचा भडक व्हिडिओ बंद करायला सांगा, साधी बातम्यांची वाहिनी लावा, आवाज ऐका आणि मागे बाहेरची उपकरणं जोडायची, म्हणजे एचडीएमआयची, तोंडं किती ते मोजा. सेट-टॉप बॉक्स, स्टिक आणि पोराचा गेमचा डबा धरून तीन तरी हवीत.