मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल: वाचायला सोपं, उचलायला जड

नागपूरच्या सदरमधल्या एका दुकानातून घेतलं. अक्षर खरंच मोठं आहे, चष्मा घरी विसरला तरी चालतं. आमच्या ह्यांचं डायलिसिस सुरू आहे, एका वेळी चार तास. तिथल्या उजेडात मोबाइलवर वाचून माझं डोकं दुखायचं, म्हणून हे.

वजन मात्र भारी. ह्यांच्या एका हाताला सुया, दुसऱ्या हातानं हे पेलत नाही; मीच मांडीवर घेऊन वाचते. कागद पातळ, मागची अक्षरं पुढे दिसतात. रेक्झिनचं कव्हर नागपूरच्या मे महिन्यात हाताला चिकटते.

खुणेची फीत 88 व्या स्तोत्रावर आहे. आजाऱ्याजवळ सगळे धीर देणारं 23 वं वाचतात. पण 88 वं शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, सुटका येतच नाही, तरी बोलणं देवाशीच. ह्यांना तेच आवडतं. "हा आपल्यासारखाच भांडून राहिला नं," म्हणतात. बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली, तेव्हा त्याचे मित्र त्यालाच दोष देत बसले; तसे मित्र तर आमच्याकडेही येतात, रविवारी उपासना झाली की. "विश्वास कमी पडला असेल," वगैरे. ईयोबाच्या पुस्तकाच्या 42 व्या अध्यायात देव त्या मित्रांवरच रागावतो. तो भाग मी जरा मोठ्यानं वाचते.

घरी टेबलावर ठेवायला जरूर घ्या. दवाखान्यात न्यायचं तर नवा करार आणि स्तोत्रसंहितेची छोटी प्रत मागा. अक्षर बारीक, पण पिशवीत डब्याशेजारी मावते.