टाक, वॉटरप्रूफ शाई आणि वॉटरकलर: भुतं काढायला कसा आहे हा संच? वर्षभराच्या वापरानंतर

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. शाई स्वस्तातली चालते, रंग मधल्या दर्जाचे चालतात, टाक (दौतीत बुडवून चालवायचं निबचं पेन) तर चहा-वड्याच्या पैशात येतो, पण कागदात काटकसर केलीत की मुसळ केरात. बाकीचं खाली आहे, लांबलंय जरा.

मी काढते ती भुतं आपल्याकडची. पिंपळावरचा मुंजा, उलट्या पायांची हडळ, पाण्यातला गिऱ्हा, रात्री वाट चुकवणारा चकवा. घाबरवायचं असतं पण थोडंच, म्हणजे मुंजा दिसायला भयाण पण तो फांदीवर बसून शेंडीला गाठ मारतोय आणि ती काही केल्या बसत नाहीये, असं काहीतरी. नेटवर स्पूकी आर्ट म्हणून भोपळे आणि टोकदार टोपीवाल्या चेटकिणी दिसतात, मस्तच असतात त्या, पण माझ्या हाताला पिंपळाचं पान येतं, भोपळा आला तरी तो भाजीचाच येतो.

या प्रकारात रेघ शाईची आणि अंधार रंगाचा, अशी वाटणी. त्यामुळे शाई एकदा वाळली की वरून पाण्याचा ब्रश फिरवल्यावर हलता कामा नये, एवढी एकच अट शाईला. साध्या फाउंटन पेनच्या बहुतेक शाया इथे नापास, वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ रंग, लावला की हडळीचे केस ओघळून थेट पदरावर. बाटलीवर वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक असं लिहिलेली काळी शाई घ्यायची, मी कॅमलची वापरते, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतही मिळते आणि एक बाटली संपता संपत नाही. (ही मंडळी मुळात शाईवालीच, 1931 साली दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून धंदा सुरू केला होता, रंगपेट्या नंतरच्या.) मात्र अशा बऱ्याच शायांमध्ये लाख (शेलॅक) असते, ती फाउंटन पेनात कधीच भरू नका, आत वाळली की पेन गेलंच समजा.

म्हणून टाक. नव्या निबवर गंज चढू नये म्हणून तेलाचा हलका थर दिलेला असतो, तो काढला नाही तर शाई निबवर टिकत नाही, मण्यासारखी गोळा होऊन कागदावर टपकते. निब कच्च्या बटाट्यात खुपसून थोडा वेळ ठेवायची आणि पुसून घ्यायची, झालं काम. मी निको कंपनीची ‘जी’ (G) निब वापरते, दाबलं की तिची दोन टोकं फाकतात आणि रेघ जाड होते, सोडलं की बारीक. हडळीचे केस काढताना मुळाशी दाब आणि टोकाला हात उचलायचा, केस आपोआप उडायला लागतात. पिंपळाच्या खोडासाठी तर मी बोरूच घेते, त्याची शाई मध्येच संपते आणि रेघ खरखरीत, तुटकी येते, ती साल मुद्दाम काढायला गेलं तर जमणार नाही.

प्रवासात टाक-दौत शक्य नाही तेव्हा पिग्मा मायक्रॉन हे तयार शाईचं ड्रॉइंग पेन, 01 नंबरचं म्हणजे 0.25 मिमीचं. शाई पिगमेंटची आहे, वाळल्यावर अजिबात हलत नाही, याबाबतीत शंभर टक्के समाधानी. फक्त रेघ इतकी एकसारखी येते की भूत युनिफॉर्म घालून शाळेत निघाल्यासारखं दिसतं.

आता कागद. 300 जीएसएम हे आकडे बघून खूश होऊ नका, ते नुसतं वजन. 100 टक्के कॉटन आहे का ते बघा. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर एक वॉश ठीक बसतो, दुसऱ्याला खालचा सुटायला लागतो, तिसऱ्याला कागदाची साल निघते, आणि भुताच्या चित्रात अंधार तर चार-पाच थरांनी येतो. कॉटन पाणी बराच वेळ धरून ठेवतो त्यामुळे धुकं काढायला सवड मिळते. पण त्याचीही एक खोड आहे, कोल्ड प्रेस कागद खरबरीत, निबच्या टोकात तंतू अडकतो आणि रेघ अचानक झाडू मारल्यासारखी फिस्कटते. हॉट प्रेस गुळगुळीत, निब सुंदर पळते पण वॉशचे डाग पडतात. मी तडजोड म्हणून कोल्ड प्रेसची त्यातल्या त्यात सपाट बाजू वापरते, आणि निब नेहमी खेचायची, ढकलायची नाही.

रंगांचं थोडक्यात. काळा रंग पॅलेटमधून काढूनच टाका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, जो काळपट राखाडी येतो तो वाळताना थोडा फुटतो, निळे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि तपकिरी आजूबाजूला राहतो, तीच अवसेची रात्र. पेन्स ग्रे हा तयार निळसर राखाडीपण आहे माझ्याकडे, छान आहे पण वाळल्यावर बराच फिका पडतो, तेव्हा ओला असताना जरा जास्तच वाटेल इतका घ्या. ओल्या वॉशवर मीठ टाकलं की पांढरे फुलोरे उठतात, चांदण्यासाठी बरं, पण प्रत्येक चित्रात नको, लगेच ट्रिक दिसते.

एक चित्र नीट सांगते, म्हणजे सगळं एकत्र कसं चालतं ते कळेल. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, देव रात्री गावात फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा. वेतोबा देव आहे, त्याला भुतांच्या वहीत काढायचं नाही हे माझं ठरलेलं, म्हणून मी नुसत्या चपला काढल्या, रात्री पाणंदीतून निघालेल्या. आधी टाकाने चपलांची शिवण, अंगठ्याचा झिजलेला भाग, दोन्ही बाजूचा जांभ्या दगडाचा गडगा. शाई रात्रभर वाळू दिली. मग चपला सोडून सगळ्या कागदावर स्वच्छ पाणी, त्यात वरून अल्ट्रामरीन-सिएना सोडला आणि कागद तिरका धरला, रंग स्वतःच खाली उतरत गेला आणि वाटेवर फिका झाला. वाळल्यावर पुन्हा तेच, दर वेळी जरा लहान भागावर. चपलांवर शेवटी नुसता पातळ बर्न्ट सिएना. उजेड कुठेच रंगवलेला नाही, तो सोडलेला कागद आहे. आई म्हणाली, पाय कुठे गेले? मी म्हटलं, आई, तेच तर.

आता तक्रारी. आमचं घर डोंबिवलीत, पावसाळ्यात भिंतीला ओल, आणि तेव्हा या संचाचे हाल होतात. वॉश लवकर वाळत नाही, शाई वरून कोरडी दिसते पण आत ओली असते, घाईत रंग लावला की रेघेला धुराची किनार येते. भुताला चालून जाते, गडग्याला नाही. त्याहून वाईट म्हणजे कागदावरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेला लेप, दमट हवेत खराब होतं, मग रंग टीपकागदासारखा जागोजागी शोषला जातो आणि त्यावर सहज उपाय नाही. पॅड बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, बुटांच्या खोक्यातल्या पुड्या फेकू नका. ऑनलाइन मागवलेल्या निब्जमध्ये काही वाकड्या निघाल्या, विक्रेत्याने फोटो मागितले, मी पाठवले, पुढे काही नाही. दुकानात जाऊन भिंगातून बघून घ्या, दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी घेत असाल तर टाकाऐवजी मायक्रॉनच द्या, निबचं टोक चांगलंच बोचतं आणि ड्रॉइंग इंकचा डाग युनिफॉर्मवरून जात नाही, कुठल्याच साबणाने. मोठ्यांनी मात्र टाकच घ्यावा, आणि उरलेले सगळे पैसे कागदात घालावेत.