४८६ला वायफाय मोडेम लावून आठ महिने झाले, त्याबद्दल

आधीच सांगतो, ही वायफाय मोडेमची डबी चांगली आहे. त्रास झाला तो तिच्या पलीकडच्या तीस वर्षांच्या मशीनचा. हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझे चार रविवार वाचले असते.

मशीन म्हणजे जुना संगणक, ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम, डॉस ६.२२. एका ओळखीच्या छापखान्याच्या माळ्यावर कागदाच्या रिमांखाली पडून होतं. मदरबोर्डवरची बॅटरी गळून हिरवा थर चढलेला. तो व्हिनेगरनं पुसून काढला, नवीन बॅटरी लावली आणि पहिल्याच दमात मशीन उठलं. मग प्रश्न आला, यावर करायचं काय? मला बुलेटिन बोर्ड बघायचे होते, म्हणजे संगणकावरून फोन लावून निरोप वाचायच्या-लिहायच्या जागा. १९७८च्या सुरुवातीला शिकागोत हिमवादळामुळे घरी अडकलेल्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिला बोर्ड उभा केला. एक फोन लाईन, एका वेळी एकच माणूस. तो निरोप लिहून गेला की दुसऱ्यानं फोन लावायचा. आपल्याकडच्या पारावरच्या फळ्यासारखंच, फक्त फळ्यापुढे रांग.

आधी खऱ्या फोनवर करून बघितलं. संगणकाचा मजकूर आवाज करून फोनवरून पाठवणारा जुना ३३.६ केबीपीएसचा मोडेम घरच्या लँडलाइनला जोडला. आता ती लाईन तांब्याची नाही, फायबरच्या डबीतून येते. मोडेम कुईं कुईं करायचा, दहा-पंधरा सेकंद झोंबाझोंबी चालायची आणि मग 'नो कॅरिअर', म्हणजे जोडणी तुटली. त्या डबीतून आवाज तुकडे होऊन जातो. एखादा तुकडा गळला तरी माणसाला पत्ता लागत नाही, मोडेमला लगेच लागतो. दोन दिवसांत तो नाद सोडला.

मग ही डबी. आत ईएसपी८२६६ ही वायफायची चिप आणि सिरियल पोर्टच्या, म्हणजे संगणकाला मोडेम जोडायच्या खाचेच्या, व्होल्टेजशी जुळवून घेणारी एक छोटी चिप. भाच्यानं जोडून दिली, खर्च बाराशेच्या आत. ती ४८६ला सांगते, 'मी मोडेम आहे', आणि ४८६ विश्वास ठेवतं. १९८१च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेल्या एटी कमांडच, म्हणजे मोडेमला द्यायचे हुकूमच, इथंही चालतात. 'एटीडीटी' टाईप करून पुढे नंबराऐवजी बोर्डाचा इंटरनेटवरचा पत्ता द्यायचा. तीन अधिक चिन्हं दाबून सेकंदभर थांबलं की कमांडवर परत, मग 'एटीएच' म्हटलं की फोन ठेवला. फोन कुठेच नाही, तरी ठेवला!

पहिला रविवार केबलनं खाल्ला. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या सीएनसी मशीनना अजून सिरियल केबलनं प्रोग्रॅम चढवतात, म्हणून तिथल्याच एकाकडून करून घेतली. त्यानं हातच्या सवयीनं दोन आणि तीन नंबरच्या तारा क्रॉस केल्या. मॉनिटरवर चिडीचूप. परत गेलो तर म्हणाला, "काय ओ साहेब, मोडेमला सरळ पाहिजे हे आधी सांगायचं की!" बरोबर होतं त्याचं. सोल्डरिंग मात्र एक नंबर, आजतागायत हललेली नाही.

दुसरा रविवार वायफायचा. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखते. आमच्या राउटरवर दोन्ही बँड एकाच नावानं चालू होते, त्यामुळे कधी जुळायचं, कधी नाही. २.४ला वेगळं नाव दिलं आणि प्रश्न मिटला.

तिसरा खरा. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगावर सगळं सुरळीत. १९,२००च्या वर गेलो की अक्षरं गळायची, विशेषतः हार्ड डिस्क फिरली की. डॉसमधल्या एमएसडी या तपासणीच्या प्रोग्रॅमनं दाखवलं की पोर्टवर येणारी-जाणारी अक्षरं सांभाळायला ८२५० चिप आहे. तिच्याजवळ एका अक्षरापुरती जागा, ते उचलायच्या आत दुसरं आलं की पहिलं गेलं. तिच्या नंतरच्या १६५५०ए चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग मावते. नशिबानं माझ्या कार्डवरची चिप सॉकेटमध्ये होती आणि दोन्हीच्या चाळीस पिना सारख्याच. "मामा, खाच बघून बसवा, उलटी बसली तर जाईल," हे भाच्यानं तीनदा सांगितलं. आता ३८,४००वर बिनघोर चालतं. तुमची चिप कार्डवर थेट सोल्डर केलेली असेल तर ९६००वर समाधान माना, त्यातही मजा आहे.

चौथ्या रविवारी झेडमोडेम या फाईल पाठवायच्या पद्धतीनं झिप फाईल उतरवताना घोळ. मजकूर व्यवस्थित, फाईल मात्र अडकून पडायची. बोर्डाशी इंटरनेटवरून बोलायच्या टेलनेट पद्धतीत २५५ हा आकडा राखीव असतो, म्हणून बोर्ड तो दोनदा पाठवतो. डबीनं त्यातला एक काढून टाकायला हवा. तिचा टेलनेट मोड बंद होता. चालू केला, गाडी रुळावर.

आता रोजचा वापर. पहाटे सहाला चहा घेऊन बसतो, कारण तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळ असते आणि बोर्ड जागे असतात. मुद्दाम २४००वर लावतो. मॉनिटरवर दोन हजार अक्षरं मावतात आणि ती भरायला आठेक सेकंद लागतात. अँसीची, म्हणजे अक्षरं आणि चिन्हं जोडून केलेली, रंगीत चित्रं वरून खाली उलगडत जातात, कुणी रांगोळीची एकेक ओळ काढत असल्यासारखी. ३८,४००वर तेच चित्र एकदम आदळतं, त्यात राम नाही. वाचायलाही हाच वेग बरा, ओळ येते तसा डोळा सरकतो.

उणिवा आहेत. डबीला वेगळा मोबाईल चार्जर लागतो, सिरियल पोर्टवर तिचं भागत नाही. लाईट गेली की राउटर सावकाश उठतो आणि तोवर डबी रुसलेली असते, पुन्हा चालू करावी लागते. त्या कुईं कुईंची आठवण येते, डबी मुकी आहे. आणि देवनागरी नाही, समोर फक्त ४३७ क्रमांकाची जुनी कोडपेज, म्हणजे ठरलेल्या अक्षरांचा संच. एका बोर्डाच्या सिसॉपनं, म्हणजे चालकानं, चॅटवर गावाचं नाव विचारलं, मी रोमनमध्ये लिहिलं. मिनिटभरानं त्यानं विचारलं, चपला तिथल्याच का? त्या दिवशी चहा गार झाला.

माऊस दुसऱ्या सिरियल पोर्टवर आहे आणि त्यावर अजून ८२५०च बसलेली आहे. कुणाकडे जास्तीची १६५५०ए पडून असेल तर सांगा, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत शोधून दमलो.